कुलूपवाल्याचं इन्सुलिन

आमच्या घरात सगळ्यात निरोगी रक्त माझं आहे, हे मी जाहीर केलं तेव्हा माझ्या एका हातात रिपोर्ट होता आणि दुसऱ्या हातात केक.

"उपाशीपोटी साखर शहाण्णव!" मी आईला म्हणालो. "शंभराच्या आत! छापून आलंय! आता तरी माझ्या पोटाकडे बघून उसासे टाकू नकोस."

"मी कुठे बघते?" आई म्हणाली. "ते आपणहून दिसतं."

मी सत्तावीस वर्षांचा आहे. बाबांच्या चाव्यांच्या दुकानात काम करतो. चाव्या बनवायच्या त्या बसून. अडकलेली कुलपं उघडायला जायचं ते स्कूटरवरून. आणि दुकानाला लागून बेकरी आहे. या तीन वाक्यांत माझा सगळा वैद्यकीय इतिहास येतो.

रिपोर्टला दुसरं पान होतं. मी ते उलटलं नव्हतं, कारण पहिल्याच पानावर माझं समाधान झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी मात्र तेच पान आधी उघडलं. आम्ही तिघंही त्यांच्यासमोर बसलो होतो. आई मला एकट्याला डॉक्टरकडे पाठवत नाही, कारण मी परत येऊन 'सगळं छान आहे' एवढंच सांगतो. बाबा आले होते, कारण आईने त्यांनाही एकटं सोडलं नव्हतं.

"साखर ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण इन्सुलिन चोवीस आहे."

"म्हणजे भरपूर आहे! बरंच की!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण काच न बघता दारावर आपटलेल्या माणसाकडे पाहतो. मग कॅल्क्युलेटर काढला. "शहाण्णव गुणिले चोवीस, भागिले चारशे पाच. पाच पॉइंट सात. हे अडीचच्या आत असायला हवं. शिवाय ट्रायग्लिसराइड वर, चांगलं कोलेस्टेरॉल खाली. आणि मानेवरचा हा काळा पट्टा कधीपासून आहे?"

"चार वर्षं!" आई जवळजवळ उभीच राहिली. "चार वर्षं मी याला सांगतेय, मान घास, मान घास! एकदा तर भांड्यांची घासणी दिली हातात!"

"तो मळ नाहीये हो. इन्सुलिन सतत जास्त असलं की तिथली कातडी अशी जाड आणि काळी होते."

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. जन्मठेप भोगून झाल्यावर निर्दोष ठरलेल्या कैद्याकडे न्यायाधीश बहुधा असंच पाहत असावेत. "म्हणजे हा आंघोळ करत होता?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक डॉक्टरीणबाईंची झाली. आमचा धंदा त्यांना माहीत नव्हता, म्हणून त्यांनी ते उदाहरण दिलं.

"असं समजा, शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक घर. साखर बाहेर उभी आहे, तिला आत जायचंय. इन्सुलिन ही चावी. तुमच्या मुलाकडे चावी आहे, पण कुलूप दाद देत नाहीये."

बाबा तोपर्यंत हाताची घडी घालून डोळे मिटून बसले होते. त्यांचे डोळे उघडले.

"कुलूप अडकलंय?"

"तसंच समजा. चावी जड फिरते. म्हणून शरीर आणखी चाव्या बनवतं. चौपट. त्या जोरावर दार कसंबसं उघडतं आणि साखरेचा आकडा चांगला दिसतो."

"कुलूप साफ करायचं सोडून चाव्यांवर चाव्या बनवतंय?" बाबा पुढे सरकले. "कोण गाढव बसलंय आत?"

"स्वादुपिंड."

"माझ्या दुकानात एक दिवस टिकलं नसतं ते."

"दहा-बारा वर्षं टिकतं. मग दमतं. चाव्या कमी पडतात, साखर बाहेरच साठते, आणि त्याला आपण डायबेटिस म्हणतो. साखर वाढलेली दिसते ती अगदी शेवटी. त्याआधीचं हे सगळं गुपचूप चालू असतं."

बाबा खुर्चीत मागे सरकले. त्यांना काय आठवलं ते आईला आणि मला कळलं. माझे थोरले काका या धंद्यातले उस्ताद होते. कुलपाच्या पोटात बारीक पिना असतात. चावी नसेल तर वाकड्या टोकाची तार घालून एकेक पिन बोटांनी चाचपून वर ढकलायची, असं ते काम. काका ते गप्पा मारत करायचे. त्यांची साखर वर्षानुवर्षं वाढत राहिली आणि कुणी तपासली नाही. एक दिवस ते बाबांना म्हणाले, "अरे, मला शेवटची पिन लागतच नाहीये." मग त्याच्या आधीची लागेना. हळूहळू सगळी बोटं मुकी झाली. आता ते गल्ल्यावर बसतात आणि तयार कुलपं विकतात.

"तुम्ही कधी तपासलंय?" डॉक्टरीणबाईंनी बाबांना विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

"सहा वर्षं मागे लागलेय मी," आई म्हणाली. "सुईला घाबरतात."

"घाबरत नाही. मला ती आवडत नाही."

बाहेर पडताना बाबांनी पैज जाहीर केली. तीन महिने मी बाबांच्या म्हणण्याप्रमाणे वागायचं. आकडा अडीचच्या आत आला तर मी मोकळा. नाही आला तर ते म्हणतील तोवर हेच चालू राहणार. "अडकलेलं कुलूप आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत एकही परत पाठवलं नाही मी. घरचं पाठवीन?"

दुसऱ्या दिवशी माझी स्कूटर गेली.

"न वापरलेलं कुलूप जाम होतं," बाबा म्हणाले. "तुझे पाय वापरात आण."

तेव्हापासून मी आठ किलोची हत्यारांची पेटी घेऊन गिऱ्हाइकांकडे पायी जाऊ लागलो. एकदा एक गृहस्थ टॉवेल गुंडाळून स्वतःच्याच बाल्कनीत अडकले होते.

"निघालात ना?" त्यांनी फोनवर विचारलं.

"निघालोय."

"कशाने येताय?"

"पायांनी."

"अहो, थंडी वाजतेय इथे!"

"तुम्हीही जागच्या जागी चाला," मी सल्ला दिला. "स्नायू हलले की साखर इन्सुलिनवाचूनही आत जाते."

मी पोचलो तेव्हा बाल्कनीत ते खरंच चालत होते. खाली बारा माणसं जमली होती.

पण पायांचं दुःख काहीच नाही. खरं युद्ध स्वयंपाकघरात झालं. "दर वेळी काही तोंडात टाकलंस की आत एक चावी बनते," बाबांनी हिशोब मांडला, आणि स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप लावलं. जेवणाच्या वेळी ते उघडायचं, एरवी बंद!

कुलूपवाल्याने कुलूपवाल्याच्या मुलाला कुलूप लावून कोंडणं म्हणजे माशाला बुडवून मारण्यासारखं आहे. पहिलं कुलूप मी चाळीस सेकंदांत काढलं. बाबांनी मला बिस्किटांच्या डब्यासकट पकडलं.

"किती वेळ लागला?"

"चाळीस सेकंद."

"उजव्या हाताने?"

"डाव्या. उजव्यात चहा होता."

त्यांच्या चेहऱ्यावर राग आणि अभिमान एकाच खुर्चीत बसायला धडपडत होते. अभिमान उठून गेला. दुसरं कुलूप आकड्यांचं आलं. ते मी कान लावून उघडलं. मग त्यांनी कुलपाचा नाद सोडून दारच नवं, भक्कम बसवलं, तर मी जेवणाच्या खोलीतून ताटं सरकवायची जी खिडकी आहे तिच्यातून आत गेलो. म्हणजे अर्धा गेलो. उरलेला अर्धा पोटामुळे बाहेर राहिला, आणि बाबा कामावरून येईपर्यंत तसाच राहिला.

"बघ," बाबा माझ्या पायांना म्हणाले, "याला म्हणतात प्रतिकार."

त्या खिडकीला जाळी बसली. हात जाईल एवढ्याच फटी ठेवल्या, ताट नाही. आणि दाराला बाबांनी स्वतः घडवलेलं कुलूप आलं. सहा पिनांचं. आतून-बाहेरून दोन्हीकडून चावीच लागणारं. वर दाराला स्प्रिंग, म्हणजे सोडलं की दार आपोआप बंद, खट्!

"हे उघडलंस तर दुकान तुझ्या नावावर करतो," बाबा म्हणाले.

सात आठवडे मी प्रयत्न केले. ते उघडलं नाही. माणसाचं मनोबल कमी पडलं तरी चांगलं कुलूप कसं कामाला येतं ते मी पाहिलं. पट्ट्याची तीन भोकं आत आली, मानेचा पट्टा फिका झाला. आईने तर एकदा माझ्या मानेवरून हात फिरवला आणि डोळे पुसले.

मग तपासणीची सकाळ उजाडली. लॅबच्या ताई घरी येऊन रक्त नेणार होत्या. मला बारा तासांचा उपास होता. बारापैकी शेवटचा तास हा वेगळ्याच घड्याळात मोजतात.

आठ वाजता ताई आल्या. खांद्यावर पेटी, पायांत धावपळ. "अजून पाच घरं आहेत हं, पटकन. हात कुठे धुऊ?"

"ये ना, स्वयंपाकघरात," आई म्हणाली. दार उघडंच होतं. पिठाचा मोठा डबा लावून कुणीतरी ते अडवून ठेवलं होतं. आईला वाटलं बाबांनी ठेवला, बाबांना वाटलं आईने. ताई पेटीसकट आत गेल्या. डबा बेसिनच्या वाटेत येत होता. त्या टापटिपीच्या. त्यांनी तो नीट बाजूला सरकवला.

खट्!

"अगंबाई," आतून आवाज आला.

"काही नाही, काही नाही," बाबा खिशातून चावी काढत म्हणाले. त्यांनी चावी घातली. ती आत गेली. फिरली नाही.

त्यांनी काढली, पुसली, पुन्हा घातली. फिरली नाही.

"आई," मी म्हणालो, "दुसरी चावी?"

"आत आहे. फ्रीजवर."

ताईंनी फ्रीजवरची चावी आतून लावून पाहिली. "ही पण नाही फिरत हो!"

बाबांनी चष्मा लावला, पेटी उघडली, वाकडी तार काढली आणि गुडघ्यांवर बसले. मी त्यांना असं बसलेलं हजारदा पाहिलंय. डोळे मिटतात, मान किंचित तिरकी होते, आणि मिनिटभरात टक् आवाज येतो. एक मिनिट झालं. पाच झाली. पंधरा झाली.

"काका, मला पाच घरं आहेत!" ताई म्हणाल्या.

"तू बस गं," आई जाळीतून म्हणाली. "काही खाल्लंयस का सकाळपासून? तिथे ब्रेड आहे, अंडी आहेत. टोस्ट करून घे."

"चालेल?"

"न चालायला काय झालं!"

माझ्या बारा तासांच्या उपासासमोर, जाळीपलीकडे, एका अनोळखी बाईने पॅनमध्ये लोणी टाकलं. त्या वासाने माझं इन्सुलिन वाढलं असेल तर त्याची जबाबदारी मी घेत नाही.

पंचवीस मिनिटांनी बाबांनी तार खाली ठेवली. त्यांनी उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासून पाहिली. मग डाव्या हाताची.

"पाच लागतात," ते हळूच म्हणाले. "सहावी लागत नाही."

आईचा चेहरा पांढरा पडला. मीही खाली बसलो. आम्हा तिघांनाही ते वाक्य पाठ होतं, आणि ते आधी कुणी म्हटलं होतं तेही.

आता एक गोष्ट मला सांगावीच लागेल. ती मी घरच्यांपासून लपवली होती आणि इतका वेळ तुमच्यापासूनही. त्या दिवशी सकाळी साडेसहाला आई दूध आणायला गेली होती आणि बाबा आंघोळीला. भुकेने माझ्या हातात देव संचारला. सात आठवडे दाद न देणारं कुलूप माझ्या तारेने उघडलं! पण फिरता फिरता तारेचं टोक मोडून आतच राहिलं. नेमकं सहाव्या पिनेवर. मी फ्रीज उघडला होता. हात केकपर्यंत पोचला होता. तेवढ्यात बाबांच्या बादलीचा आवाज आला आणि मी पळालो. खाल्लं काही नाही, शपथ! पण दार बंद झालं तर चावी फिरणार नाही आणि मी पकडला जाणार, पैज बुडणार, म्हणून पिठाचा डबा मी लावला होता.

म्हणजे बाबांची बोटं ठणठणीत होती. आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

मी तोंड उघडलं. "बाबा, ते…"

बाबा उठले. जाळीपाशी गेले. बाही वर केली आणि अख्खा हात फटीतून आत घातला.

"ताई," ते म्हणाले, "आधी माझं रक्त घे."

आई जागच्या जागी थिजली. सहा वर्षं! सहा वर्षं तिने रुसून, ओरडून, काकांकडून सांगवून पाहिलं होतं! तिने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड अजून उघडं होतं. ते का उघडं आहे हे तिला माहीत नव्हतं, पण तिच्या नजरेने ते मिटलं.

खरं सांगितलं तर हात परत येणार. नाही सांगितलं तर बाबा मनातल्या मनात गल्ल्यावर काकांच्या शेजारची खुर्ची पुसत राहणार. मी फार विचार केला. साधारण दहा सेकंद. तेवढ्यात ताईंनी टोस्ट बाजूला ठेवला, हात धुतले, पट्टा बांधला, आणि सुई आत गेली.

"बाबा," मी म्हणालो, "सहाव्या पिनेवर माझ्या तारेचं टोक अडकलंय. सकाळी मीच कुलूप उघडलं होतं."

"काय???"

"हलू नका काका!" ताई ओरडल्या.

बाबा हलले नाहीत. पण खांद्यापासून वरचं सगळं हललं. "गाढवा! कुलूप मोडलंस? माझं? आणि मी इथे अर्धा तास…"

"हात सैल सोडा!"

"…सैल सोडून बोटं चाचपतोय, वाटलं गेली, दादासारखीच गेली…" त्यांनी जाळीतून आपल्या बोटांकडे पाहिलं. "म्हणजे ठीक आहेत?"

"ठणठणीत आहेत. टोक होतं म्हणून पिन लागत नव्हती."

"खाल्लंस काय?"

"काही नाही. तुमची बादली वाजली."

मग बाबांना हसू फुटलं. आधी पोट हललं, मग खांदे. आई रडत हसायला लागली.

"हसूसुद्धा नका!" ताई कळवळल्या. "दोन नळ्या राहिल्यात!"

माझ्या उपासामुळे घरात सकाळपासून कुणी चहासुद्धा घेतला नव्हता. त्यामुळे बाबांची तपासणीही विनासायास उपाशीपोटीच झाली. नंतर रक्त द्यायला मी जाळीतून हात घातला. मग बाबांनी बारीक चिमटा घेतला, डोळे मिटले, मान तिरकी केली आणि दीड मिनिटात ते टोक बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मोहरीएवढं होतं ते. चावी लोण्यातून फिरावी तशी फिरली.

"उशीर झाला खरा," ताई बाहेर येत म्हणाल्या, "पण अशी सोय कुठल्याच घरी होत नाही. अंडी संपलीत हं."

तीन दिवसांनी रिपोर्ट घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. माझी साखर एक्क्याण्णव, इन्सुलिन दहा. त्यांनी कॅल्क्युलेटर फिरवून माझ्याकडे केला. दोन पॉइंट दोन! मी खुर्चीतून उडी मारली. तीन महिन्यांपूर्वी ती खुर्चीही माझ्याबरोबर उठली असती.

मग त्यांनी बाबांचा कागद घेतला. साखर एकशे बारा, इन्सुलिन बावीस. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा सहा पॉइंट एक.

"डायबेटिस नाही," त्या म्हणाल्या, "पण दारात येऊन उभा आहे. वेळेवर आलात. अजून दोन-तीन वर्षं आला नसतात, तर मी वेगळं बोलले असते." मग बाबांना डोळे मिटायला सांगून त्यांनी नायलॉनचा बारीक दोरा बोटांना आणि तळपायांना टेकवला. तो कुठे लागतोय ते बाबांनी प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. एकदा तर टेकवायच्या आधीच सांगितलं.

बाबा शब्दाचे पक्के. घरी आल्याबरोबर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. कुलूप काढलं, स्प्रिंग काढली, जाळीही काढली. दार सताड उघडं! मी बाह्या सरसावल्या, नवरदेवाच्या चालीने आत गेलो आणि फ्रीज उघडला.

वरच्या कप्प्यात काकड्या होत्या. खालच्या कप्प्यातही काकड्या होत्या. दारात, जिथे जॅम असायचा, तिथे एक काकडी उभी होती.

"आई! केक? बिस्किटं? लोणी?"

"बाबांचं पथ्य सुरू झालं ना आजपासून," आई म्हणाली. "त्यांच्यासमोर कशाला ठेवायचं?"

"पण पैज मी जिंकलोय!"

"जिंकलासच की. दार उघडं आहे. खा ना, तुला कोण अडवतंय?"

मी एक काकडी घेतली. बाबांनी दुसरी घेतली. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलो आणि बाबांनी कुणी बघत नाही असं पाहून मिठाची बाटली हळूच माझ्याकडे सरकवली.

आई बघत होती. बाटली गेली.

काकडी तशी बरी असते. पाणी भरपूर असतं तिच्यात.